नॅनोकणाची खरी परीक्षा रक्तात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

काळ्या द्रवाची काचेची कुपी, तिला टेकवलेले लोहचुंबक, चुंबकाच्या बाजूला जमलेला काळा थर आणि उरलेले पाणी अगदी नितळ. ‘एमआरआयमध्ये कर्करोग दाखवणारे नॅनोकण तयार’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली हे छायाचित्र मराठी दैनिकांत अधूनमधून दिसते. छायाचित्र देखणे असते, पण या विषयातल्या माणसाला त्यातच पहिली अडचण दिसते. दहा नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लोह-ऑक्साइडचे कण पाण्यात खरोखर सुटे राहिले असतील, तर हातातल्या साध्या चुंबकाने ते काही क्षणांत कडेला येत नाहीत. पाण्याचे रेणू त्यांना सतत धक्के देत असतात. फार तर सगळा द्रवच चुंबकाकडे किंचित झुकतो. क्षणात थर जमला आणि पाणी स्वच्छ झाले, याचा अर्थ कणांचे गठ्ठे झाले आहेत. असे गठ्ठे शिरेतून गेले तर त्यांचा पहिला मुक्काम फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत पडतो.

मराठवाड्यातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत नॅनोकणांवर कष्टाने काम चालते. विद्यार्थी खेड्यापाड्यांतून येतात, तुटपुंज्या शिष्यवृत्तीवर रात्र-रात्र प्रयोगशाळेत बसतात. त्या कामाला कमी लेखण्यासाठी हे पत्र नाही. आमचे म्हणणे एकच आहे: कण तयार होणे वेगळे आणि काँट्रास्ट द्रव्य, म्हणजे शरीरात टोचल्यावर चित्र ठळक करणारे द्रव्य, तयार होणे वेगळे. या दोहोंच्या मधल्या बहुतेक परीक्षा एकही उंदीर न वापरता, इथल्याच उपकरणांवर घेता येतात. त्या न घेताच प्राण्यांपर्यंत जाणे किंवा बातमी देणे थांबले पाहिजे. म्हणून या परीक्षा कशा घ्यायच्या आणि त्या कुठे फसतात, ते जरा विस्ताराने लिहीत आहोत.

सीटी किंवा एमआरआय काढताना ‘डाय टाकतात’ हे आता गावोगावी माहीत आहे. सीटीचे द्रव्य आयोडिनचे, एमआरआयचे गॅडोलिनियमचे. दोन्ही लहान रेणू. माणसात काही तासांत मूत्रपिंडावाटे निघून जातात. उंदरात तर काही मिनिटांतच रक्तातली मात्रा उतरते, आणि उंदराचे हृदय मिनिटाला चारशे-सहाशे ठोके घेते. छोट्या प्राण्यांच्या मायक्रो-सीटीला एक फेरी पुरी करायला बराच वेळ लागतो. तोवर रक्तवाहिन्या फिक्या पडलेल्या असतात. रक्तात जास्त वेळ टिकेल असे काही हवे, ही नॅनोकणांमागची मूळ गरज. साधारण साडेपाच नॅनोमीटरपेक्षा मोठा कण मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही, म्हणून तो रक्तात राहतो. पण मग तो यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशींच्या हाती लागतो. रक्तात टिकवायचा आणि शेवटी शरीराबाहेरही काढायचा, या ओढाताणीतच हे सगळे संशोधन चालते.

कोणत्या यंत्रासाठी कण बनवतो आहोत, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. किरणोत्सारी खूण लावलेले द्रव्य पेट यंत्राला नॅनोमोलरपेक्षाही कमी मात्रेत दिसते (मोलर हे लिटरमागे किती द्रव्य आहे याचे माप; मिली, मायक्रो, नॅनो ही त्याची हजारपटींनी उतरती मापे). एमआरआयला गॅडोलिनियम दहा ते शंभर मायक्रोमोलरच्या आसपास लागते. सीटीला थेट मिलिमोलरमध्ये. म्हणजे एकच कण तिन्ही ठिकाणी चालेल असे म्हणताना मात्रेत लाखो पटींचा फरक आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. प्रबंधांत ‘बहुउपयोगी इमेजिंग कण’ असे लिहिलेले असते, तिथे हा हिशेब बहुधा सापडत नाही.

हिशेब सोन्याच्या कणांवर करून पाहू. नेहमीची कृती अशी: एक मिलिमोलर गोल्ड क्लोराइडचे शंभर मिलिलिटर द्रावण उकळत ठेवायचे, जोरात ढवळत असतानाच ३८.८ मिलिमोलर ट्रायसोडियम सायट्रेटचे दहा मिलिलिटर एकदम ओतायचे, दहा मिनिटे उकळू द्यायचे आणि आच बंद करून आणखी पंधरा मिनिटे ढवळायचे. फिका पिवळा रंग आधी जातो, मग करडा-जांभळा होतो आणि शेवटी डाळिंबाच्या रसासारखा लाल उतरतो. कण साधारण तेरा नॅनोमीटरचे, प्रकाश शोषणाचे शिखर ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या जवळ. काचसामान आम्लराजाने, म्हणजे तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्लाने धुतलेले नसेल, तर जुन्या कणांच्या कपच्यांवर नवे सोने बसते आणि आकार वेडेवाकडे येतात.

आता या फ्लास्कमध्ये सोने किती? मिलिलिटरला अवघे ०.२ मिलिग्रॅम. पंचवीस ग्रॅमच्या उंदरात रक्त दोन मिलिलिटरच्या आतबाहेर. सीटीवर मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम आयोडिनने १२० किलोव्होल्टला साधारण पंचवीस हाऊन्सफील्ड एककांचा (सीटीवरच्या उजळपणाचे माप) जादा उजळपणा मिळतो. सोन्याचे गणितही याच पट्टीतले. रक्तवाहिन्या ठळक दिसायला रक्तात मिलिलिटरमागे पाचेक मिलिग्रॅम सोने हवे, म्हणजे एकूण दहा मिलिग्रॅम. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून एका झटक्यात किलोमागे पाच मिलिलिटरहून जास्त देऊ नये, म्हणजे पंचवीस ग्रॅमला सव्वाशे मायक्रोलिटर. दहा मिलिग्रॅम सोने सव्वाशे मायक्रोलिटरमध्ये बसवायचे तर मिलिलिटरला ऐंशी मिलिग्रॅम लागते. फ्लास्कमधला द्रव चारशे पट दाट करावा लागेल, आणि तोही गठ्ठे न होऊ देता. फ्लास्कमधला लाल द्रव जसाच्या तसा टोचून सीटीवर काही दिसेल ही अपेक्षाच चुकीची आहे. दाट करण्याची पायरी ज्या प्रबंधात नाही, त्यात सीटीचा दावाही नको.

सोन्याची के-कड (ज्या ऊर्जेपासून धातू क्ष-किरण एकदम जास्त अडवू लागतो ती) ८०.७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आहे आणि आयोडिनची ३३.२ ला, म्हणून सोने सरस, असे वाक्य सर्रास लिहिले जाते. रुग्णालयातल्या १२० किंवा १४० किलोव्होल्टच्या सीटीवर त्यात तथ्य आहे. पण मायक्रो-सीटीची नळी बहुधा पन्नास-सत्तर किलोव्होल्टवर चालते. तिथे ऐंशीच्या वरचा किरण निघतच नाही, मग के-कडेचा फायदा कुठून मिळणार? उलट ३३ ते ८१ च्या दरम्यान तेवढ्याच वजनाचे आयोडिन सोन्यापेक्षा जास्त क्ष-किरण अडवते. यंत्राचा व्होल्टेज न लिहिता केलेली तुलना वाचकाने बाजूला ठेवावी.

पुढची परीक्षा मिठाची. ती चहाच्या कपाएवढ्या जागेत होते आणि खर्च जवळपास शून्य. सायट्रेटवाल्या लाल द्रवाचा एक मिलिलिटर घ्या, त्यात दहा टक्के मिठाच्या पाण्याचे शंभर मायक्रोलिटर घाला. मिश्रणातले मीठ जवळपास सलाइनइतके, म्हणजे १५५ मिलिमोलरच्या घरात येते. लाल रंग डोळ्यांदेखत जांभळा होतो, मग निळसर-करडा, आणि तासाभरात तळाशी काळपट गाळ दिसतो. सायट्रेटच्या ऋण भारामुळे कण एकमेकांना दूर ठेवत होते. मिठाच्या आयनांनी तो भार झाकला आणि कण चिकटले. रक्तात मीठ असतेच. जो कण सलाइनमध्ये निळा पडतो, तो शिरेत सोडण्याचा विचारही करू नये. सोन्याला घट्ट धरणाऱ्या थायॉल टोकाचे पाच किलोडाल्टनचे पॉलिइथिलिन ग्लायकोल कणांभोवती आवरण म्हणून रात्रभर ढवळून बसवले, जास्तीचे धुऊन काढले आणि हीच परीक्षा पुन्हा घेतली, तर रंग लालच राहिला पाहिजे. वर्णपटमापकावर ६५० आणि ५२० नॅनोमीटरच्या शोषणाचे गुणोत्तर तासातासाने नोंदवले की पुरावा कागदावर येतो.

इथे आपल्या भागातल्या पाण्याचा विषय निघतोच. गिझरच्या कॉइलवर आणि पातेल्यांवर पांढरा थर चढवणारे बोअरचे पाणी सगळ्यांच्या ओळखीचे आहे. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दुहेरी भाराचे असतात. एकेरी भाराच्या सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत ते कणांचे गठ्ठे करतात. उन्हाळ्यात टँकर बदलला की प्रयोगशाळेतले कण ‘आपोआप’ बिघडू लागतात, यामागे बऱ्याचदा हेच असते. पाण्याचा फिल्टर थकलेला असतो, रेझिन संपलेले असते, आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या हाताला लावला जातो. वापरण्याआधी पाण्याचा रोध मोजावा. १८.२ मेगाओहम-सेंटीमीटरच्या जवळ नसेल तर त्या दिवशी कण करू नयेत, आणि रोजचा आकडा वहीत तारखेसह लिहावा. तयार द्रव डीप फ्रीझरमध्येही ठेवू नये. बर्फ होताना कण उरलेल्या पाण्याच्या कोपऱ्यांत ढकलले जातात आणि चिकटतात. वितळल्यावर ते सुटत नाहीत. चार अंशांवर ठेवावा, आणि वीज गेल्यावर फ्रीजचे तापमान कुठवर चढले याची नोंद असावी.

मिठानंतर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव. एक भाग कण आणि नऊ भाग सीरम, ३७ अंशांवर, एक तास, चार तास आणि चोवीस तास. इथे एक फसवणूक होते. सायट्रेटवाले कण थेट सीरममध्ये टाकले तर रंग लालच राहू शकतो, कारण अल्ब्युमिनसारखी प्रथिने लगेच कणाभोवती बसतात. रंगावरून सगळे ठीक वाटते, पण कणाचा बाहेरचा व्यास वाढलेला असतो आणि भक्षक पेशींना ओळखू येईल असे आवरण त्यावर चढलेले असते. म्हणून मीठ आणि सीरम या दोन्ही परीक्षा घ्याव्यात, आणि सीरमनंतर आकार पुन्हा मोजावा.

आकार मोजण्याबद्दल थोडक्यात. क्ष-किरण विवर्तनातून मिळतो तो स्फटिकाचा आकार, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतो तो वाळलेल्या कणाचा. रक्ताला भेटतो तो पाण्यातला, आवरणासकट असलेला कण. तो प्रकाशविकिरणाने मोजतात. त्या यंत्राला मोठे गठ्ठे फार ठळक दिसतात, म्हणून विखुरणीचा निर्देशांक (कणांचे आकार एकमेकांपासून किती वेगळे हे सांगणारा आकडा) ०.२ च्या वर गेला तर सरासरी आकड्यावर विसंबू नये. ‘वीस नॅनोमीटर’ एवढेच लिहून भागत नाही. कशाने आणि कशात मोजले तेही लिहावे.

आता ज्याबद्दल आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ते. तुळस, कडुनिंब, शेवगा, कोरफड यांच्या पानांच्या अर्कातून ‘हरित’ पद्धतीने कण करण्याची चाल आपल्याकडे खूप रुळली आहे. रसायन कमी लागते, खर्च कमी, बातमीही चांगली होते. पण पानावर, मातीत आणि नळाच्या पाण्यात जिवाणू असतात आणि त्यांच्या भित्तिकेतले एंडोटॉक्सिन नावाचे विष अर्कात उतरते. ते कणाच्या पृष्ठभागाला चिकटते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन मरत नाही. काचेवरचे एंडोटॉक्सिन घालवायला अडीचशे अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते, आणि तिथवर कण किंवा अर्क तापवता येत नाही. म्हणजे सुरुवातीपासूनच निर्जंतुक पाणी, तापवलेली काच आणि स्वच्छ हातमोजे हवेत.

इंजेक्शनसाठी मान्य मर्यादा किलोमागे तासाला पाच एंडोटॉक्सिन एकके. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला ती एक अष्टमांश एकक भरते. तपासणी नाल-खेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्काने करतात, आणि तिथेही नॅनोकण घोटाळा करतात: त्यांचा स्वतःचा रंग आणि गढूळपणा वाचनात मिसळतो. म्हणून नमुन्यात ठरावीक एंडोटॉक्सिन मुद्दाम घालून ते पन्नास ते दोनशे टक्क्यांच्या आत परत मिळते का, हे पाहावे लागते. तसे मिळाले नाही तर ‘आढळले नाही’ या निकालाला अर्थ नाही. ही तपासणी न करता उंदीर सुस्त पडला, केस विस्कटले, वजन उतरले, तर दोष कणाचा की जिवाणूंच्या विषाचा हे कोणीच सांगू शकत नाही. तो प्राणी वाया गेला असेच म्हणावे लागते. पेशींवरच्या विषारीपणाच्या चाचणीतही तसेच: सोन्याचे कण ज्या रंगपट्ट्यात प्रकाश शोषतात, त्याच्या जवळच एमटीटी चाचणीचे (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) वाचन असते. पेशी न घालता फक्त कण टाकलेला नियंत्रण नमुना नसेल, तर ‘शंभर टक्के पेशी जिवंत’ हा आकडा कणांच्या रंगाचाही असू शकतो.

गॅडोलिनियमच्या कणांना आणखी एक कसोटी आहे. सुटा गॅडोलिनियम आयन आकाराने कॅल्शियमच्या इतका जवळचा आहे की शरीरात त्याच्या जागा अडवतो. म्हणूनच औषधात तो रेणूच्या पिंजऱ्यात कोंडलेला असतो. पहिले असे औषध १९८८ मध्ये वापरात आले. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा आणि आतल्या ऊती कडक होण्याच्या आजाराशी त्याचे नाते २००६ मध्ये उघड झाले, आणि २०१७ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने सैल पिंजऱ्याच्या बहुतेक द्रव्यांची परवानगी स्थगित करण्याची शिफारस केली. अठरा वर्षे जगभर वापरलेल्या औषधाची ही गोष्ट आहे. प्रयोगशाळेत सुटा आयन पकडायला झायलेनॉल ऑरेंज पुरते: ५.८ पीएचच्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये पिवळे द्रावण सुटा गॅडोलिनियम मिळताच जांभळे होते. मात्र फॉस्फेट असलेल्या बफरमध्ये ही चाचणी घेऊ नये. गॅडोलिनियम फॉस्फेट खाली बसते आणि रंग पिवळाच राहतो, म्हणजे खोटा दिलासा मिळतो.

चित्र उत्तम येते म्हणून द्रव्य उत्तम, असे मानण्याचा परिणाम जगाने पाहिलेला आहे. थोरोट्रास्ट नावाचे थोरियम डायऑक्साइडचे कलिल, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचे मिश्रण, १९३० ते १९५० च्या दशकांत लाखो माणसांना टोचले गेले. आजच्या भाषेत ते नॅनोकणच होते. क्ष-किरणावर रक्तवाहिन्या झकास दिसत, तात्काळ त्रास जवळपास नाही. पण कण यकृतात आणि प्लीहेत कायमचे राहिले. थोरियमचे अर्धायुष्य १४०० कोटी वर्षे. वीस-तीस वर्षांनी त्या रुग्णांत यकृताचे कर्करोग दिसू लागले. कण कुठे जातो आणि कधी निघतो, हा प्रश्न शेवटी विचारायचा नसतो.

आता इथे काय करता येईल ते सांगतो. जिल्ह्याच्या ठिकाणी दीड टेस्लाचे एमआरआय यंत्र आज दुर्मीळ राहिलेले नाही, आणि रात्री उशिरा ते काही तास रिकामे असते. तेवढ्यात कणाची शिथिलनक्षमता, म्हणजे तो पाण्याच्या प्रोटॉनवर किती परिणाम करतो, हे मोजता येते. एक टक्का अ‍ॅगारोज (निवल्यावर जेल होणारी पूड) उकळून विरघळवा, पन्नास-साठ अंशांपर्यंत निवू द्या आणि मगच कण मिसळा. गरम असताना मिसळले तर आवरण सुटू शकते, फार निवल्यावर मिसळले तर गुठळ्या होतात. दोन मिलिलिटरच्या नळ्या काठोकाठ भरा; झाकणाखाली राहिलेला हवेचा एक बुडबुडा शेजारच्या सेंटीमीटरभर भागाचे चित्र बिघडवतो. गॅडोलिनियमसाठी ०, ०.१, ०.२५, ०.५ आणि १ मिलिमोलर. लोहासाठी ०, ०.०२, ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.४ मिलिमोलर. लोह यापेक्षा जास्त घेतले तर टी-टू, म्हणजे पाण्याचा संकेत विरण्याचा काळ, वीस मिलिसेकंदांच्या खाली जातो. रुग्णालयातल्या यंत्राचा पहिला प्रतिध्वनीच (इको) दहाएक मिलिसेकंदांनी येतो. दोन-तीन बिंदूंनंतर नुसती गोंगाटाची सपाट रेषा उरते आणि वक्र भलताच बसतो.

नळ्या प्लास्टिकच्या स्टँडमध्ये, स्टँड पाणी भरलेल्या झाकणबंद डब्यात, डबा गुडघ्याच्या किंवा डोक्याच्या कॉइलमध्ये. स्टीलचा स्टँड, चिमटा, स्टेपल मारलेली पिशवी खोलीत नेऊ नये. तंत्रज्ञाला डबा उलटा करून दाखवा की पाणी गळत नाही. त्याची खरी काळजी यंत्राच्या टेबलाची असते आणि ती रास्त आहे. टी-वन, म्हणजे प्रोटॉन मूळ स्थितीत परतण्याचा काळ; त्यासाठी उलट-पुनर्प्राप्ती (इन्व्हर्जन रिकव्हरी) क्रम, पन्नासपासून तीन हजार मिलिसेकंदांपर्यंतचे सहा-सात काळ. दोन आवर्तनांमधला वेळ सर्वांत लांब टी-वनच्या किमान पाचपट ठेवावा. कण नसलेल्या नळीचा टी-वन अडीच-तीन सेकंद असतो, म्हणजे पंधरा सेकंद. इथे घाई केली की शून्य नळीचा आकडा चुकतो आणि सगळी रेषा तिरपी होते. ग्राहक-वर्धन (रिसीव्हर गेन) प्रत्येक क्रमाला यंत्राने आपोआप बदलू नये, हे आधीच सांगून ठेवावे. टी-टूच्या मालिकेतला पहिला प्रतिध्वनी गणितातून वगळावा. नळीच्या मध्यातला भागच मोजावा, कड घेऊ नये. खोलीचे तापमान लिहावे. वीस-बावीस अंशांवरचा आकडा ३७ अंशांच्या छापील आकड्याशी थेट ताडून पाहता येत नाही.

मग एक भागिले टी-वन (किंवा टी-टू) आणि मात्रा यांचा आलेख काढायचा. रेषेचा चढ ही शिथिलनक्षमता. सोबत रुग्णालयातल्याच नेहमीच्या गॅडोलिनियम औषधाची एक मालिका ठेवावी. पहिल्या पिढीच्या औषधाचा चढ दीड टेस्लाला साधारण चार, प्रति मिलिमोलर प्रति सेकंद, येतो. तुमच्या मोजणीत तो आठ किंवा दोन आला, तर चूक मोजणीत आहे आणि कणाबद्दल अजून काहीच बोलू नये. मात्रेसाठी ‘आम्ही धातूचा एवढा क्षार टाकला होता’ हे चालत नाही. धुताना निम्मे कण जाऊ शकतात. नायट्रिक आम्लात विरघळवून आयसीपीवर (धातूची सूक्ष्म मात्रा मोजणारे यंत्र) धातू मोजावा, आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. गाळणीत किती राहिले यावरून गठ्ठ्यांचा अंदाज येतो. आणखी एक गोष्ट: जेलमध्ये कण खाली बसत नाहीत, त्यामुळे जेल अस्थिरता झाकते. त्याच मात्रांचा एक संच साध्या पाण्यात भरून रात्रभर उभा ठेवावा. सकाळी नळीचा वरचा भाग उजळ आणि तळ काळा आला, तर उत्तर मिळाले. सीटीसाठी दाट केलेल्या कणांच्या नळ्या याच डब्यात ठेवून तो ८०, १००, १२० आणि १४० किलोव्होल्टवर फिरवला की दहा मिनिटांत मिलिग्रॅममागे किती उजळपणा मिळतो ते कळते.

हे सगळे जमल्यावरच प्राणी. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम १९९८ पासून लागू आहेत. संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या मंजुरीशिवाय एक सुईही टोचता येत नाही. टाटा स्मारक केंद्राच्या खारघरमधल्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या ठिकाणी छोट्या प्राण्यांची इमेजिंग सुविधा आहे. तिथे वेळ मागताना वरचे आकडे हातात असले की काम पुढे सरकते. प्राण्यांत काय चुकते, त्यातल्या दोन गोष्टी सांगतो. शेपटीच्या शिरेत सुई नीट गेली नाही तर द्रव कातडीखाली साचतो. दट्ट्याला अडथळा जाणवतो, शेपटीवर फिकट फुगवटा येतो. स्कॅनमध्ये शेपटी घेतलीच नाही, तर हा डोस रक्तात गेला असेच गृहीत धरले जाते. शेपटी कोमट पाण्याने शेकावी, एकोणतीस-तीस गेजची सुई वापरावी. मोठ्या बटरफ्लाय सुईच्या नळीतच उंदराचा पूर्ण डोस मावतो आणि तिथेच राहतो. दुसरे तापमान: लातूर-नांदेडच्या मे महिन्यातही आयसोफ्लुरेनच्या भुलीखाली, वातानुकूलित खोलीत उंदीर झपाट्याने गार पडतो, रक्ताभिसरण मंदावते आणि कणांचे वाटप बदलते. गरम पॅड आणि गुदद्वारातला तापमापक हवाच.

लोहकण टोचल्यावर यकृत काळे दिसणे हे यश म्हणून छापले जाते. जवळजवळ कोणताही लोहकण यकृतात जातो. गाठीत किती गेला, हे गाठ काढून, विरघळवून धातू मोजल्यावरच कळते. २०१६ मध्ये दहा वर्षांच्या शोधनिबंधांचा आढावा घेतला गेला, तेव्हा गाठीपर्यंत पोचणाऱ्या डोसचा मध्यक ०.७ टक्के निघाला. त्यातही उंदरातली एक ग्रॅमची गाठ म्हणजे त्याच्या वजनाचे चार टक्के. साठ किलोच्या माणसात ती जवळपास अडीच किलोची झाली. दोन-तीन आठवड्यांत वाढवलेल्या अशा गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांवरून माणसाच्या गाठीबद्दल बोलताना फार सावध राहावे लागते.

आपल्या दैनिकाकडे एकच मागणी आहे. अशी बातमी देताना मथळ्याखाली एक शब्द छापा: कुपीत, पेशीत, उंदरात की माणसात. घाटी रुग्णालयाच्या कर्करोग विभागाबाहेर किंवा बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या वाटेवर असलेला नातेवाईक हे कात्रण खिशात ठेवतो आणि ही तपासणी कुठे होते म्हणून डॉक्टरांना विचारतो. कुपीतले काम असेल तर त्याला ते पहिल्या ओळीतच कळले पाहिजे. विद्यापीठांनी आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपसात लेखी करार करून महिन्यातून दोन रात्री एमआरआयचे तीन तास नळ्यांच्या मोजणीसाठी राखावेत. तंत्रज्ञाला त्या तासांचे मानधन मिळावे, आणि सलाइनमध्ये निळे पडलेले, सीरममध्ये फुगलेले कणही प्रबंधात तारखेसह नोंदवले जावेत, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्याला तेच कण पुन्हा करून पाहावे लागणार नाहीत. पहिल्या रात्रीसाठी एक डबा, चोवीस नळ्या, दहा ग्रॅम अ‍ॅगारोज आणि तपासलेले पाणी एवढे पुरते.

आपले,
रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि क्ष-किरणशास्त्र शिकवणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि लातूर